चार ऋतूंतून गळालेला पावसाळा: ऋतूंची कविता, घरातलं दुःख आणि जेजूची मालिका

प्रश्न थोडक्यात असा: "'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' ही कोरियन मालिका पाहिली आणि फार रडले. गेल्या वर्षी जूनमध्ये माझे वडील गेले. मालिकेचे चार खंड चार ऋतूंचे आहेत, म्हणून मीही वसंत, ग्रीष्म, शरद आणि शिशिर अशा चार कविता लिहिल्या. मालिकेतला ऋतू आत जाऊन लागतो, माझ्या कवितेतला भेटकार्डावरचा वाटतो. असं का होतं? आमचं घर रत्नागिरीजवळ, कौलारू. बाबा असताना कौलं तेच चाळायचे, यंदा माणूस लावला."

चारही कविता वाचल्या. भाषा स्वच्छ आहे, लय कुठे अडखळत नाही. दिवाळी अंकासाठी कविता निवडायला बसते तेव्हा समोर जो ढीग असतो, त्यात या वरच्या बाजूला राहतील. तरी तुमची तक्रार खरी आहे. वाचून काही होत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट दाखवते, ती तुमच्या ध्यानात आलेली दिसत नाही. वडील जूनमध्ये गेले, घर कोकणातलं, आणि तुमच्या चार ऋतूंत वर्षा नाही. आपल्याकडे ऋतू सहा. मालिकेच्या मापाने चार करताना तुम्ही नेमका तोच गाळलात ज्यात घरातलं माणूस गेलं. तो मागच्या दाराने आत आला आहेच म्हणा: ग्रीष्माच्या कवितेच्या शेवटी 'पाऊसही रडतो माझ्यासवे' ही ओळ आहे. पण पाऊस रडायला लागला की ते दुःख तुमचं राहत नाही. त्या ओळीखाली कुणाचंही नाव घालता येईल.

आता मालिकेकडे वळते. ती नेटफ्लिक्सवर मार्च २०२५ मध्ये आली, चार आठवडे, दर शुक्रवारी चार भाग, एकूण १६. लेखन लिम सांग-चुन यांचं, दिग्दर्शन किम वॉन-सक यांचं. दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरची एसुन आणि तिच्यावर लहानपणापासून जीव टाकणारा ग्वान-शिक यांचा १९५० च्या दशकापासून आजपर्यंतचा संसार त्यात आहे. एसुनला कवयित्री व्हायचं असतं. तिची आई ग्वांग-र्ये 'हेन्यो' आहे, म्हणजे प्राणवायूचं नळकांडं न लावता, श्वास रोखून समुद्रात बुडी मारणारी आणि तळातून शिंपले, शेवाळ, अबालोन (खायची समुद्री गोगलगाय) काढणारी बाई. मालिका पाहणाऱ्या बहुतेकांना मोहरीसारख्या पिवळ्याधमक फुलांची शेतं आठवतात. तुमच्या वसंतातही ती आली आहेत, आणि आमच्याकडे मोहरी कुठे, असं तुमच्या आईने विचारलं तर उत्तर देणं अवघड जाईल. ती फुलं सुंदर आहेत, पण मालिका त्यांच्यावर उभी नाही.

ती कशावर उभी आहे ते पाहायचं तर एसुनची लहानपणची कविता पुन्हा ऐका. तिचा आशय सांगते. रोज उठून अबालोन, वादळ आलं तरी अबालोन, लेकीपेक्षा अबालोन. गुडुप करून आत जाते ती लवकर बाहेर का येत नाही? अबालोन सापडत नाही म्हणून, की श्वास पुरत नाही म्हणून? मग पोर हिशेबावर येते. अबालोन विकून आईला शंभर ह्वान (तेव्हाचं कोरियन चलन) मिळतात. ते शंभर ह्वान मीच देईन आणि आईचा एक दिवस विकत घेईन. कंबर दुखणारी, खोकणारी माझी आई, शंभराला एक दिवस अशी तरी बसू दे.

अख्ख्या कवितेत निसर्ग म्हणावा असं काय आहे? एक वादळ. तेही वर्णनासाठी आलेलं नाही. वादळातसुद्धा आई पाण्यात उतरते एवढं सांगण्यापुरतं. समुद्र आईच्या मायेसारखा अथांग वगैरे काही नाही. आहे ती एका वस्तूची किंमत, दुखणारी कंबर आणि काठावर उभं राहून श्वास मोजणारी मुलगी. आई अजून जिवंत आहे, तरी शोक आधीच येऊन बसलाय. पुढे २९ व्या वर्षी ती खरंच जाते, तेव्हा आपण हादरतो. पण धक्का बसत नाही, कारण पोरीने ते आधीच पाहिलेलं असतं.

हेन्योंचं काम थोडं समजून घ्या, मग त्या कवितेतला श्वास नीट कळेल. त्या साधारण दहा मीटरपर्यंत खाली जातात, एका बुडीत मिनिटभर श्वास धरतात आणि वर आल्यावर कोंडलेली हवा सोडताना शीळ घातल्यासारखा आवाज होतो. काठावरच्या माणसांना तो आवाज म्हणजे ही बाई वर आली, आहे, याची खूण. एक बुडी अशी की शीळ ऐकू येत नाही, ती शेवटची. या बायकांत एक म्हण आहे: कमवायचं यमलोकात आणि खर्चायचं या लोकात. २०१६ मध्ये युनेस्कोने हेन्यो संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यांच्या वर्षाची सुरुवातही फुलांनी होत नाही. चांद्र कालगणनेच्या दुसऱ्या महिन्यात वाऱ्याची देवी योंगदुंग बेटावर येते, पंधरवडाभर राहते आणि समुद्रात बी पेरून जाते अशी समजूत आहे. तिच्यासाठी विधी होतात, समुद्र शांत राहो म्हणून मागणं मागितलं जातं. जेजूच्या बायकांचा वसंत म्हणजे वाऱ्याशी केलेला करार.

माझं म्हणणं एवढंच आहे. ऋतू दरवर्षी घराकडून काहीतरी मागतो: काम, पैसा, अंगातली ताकद. घरातलं माणूस गेल्यावर तो ठरल्या वेळी पुन्हा दारात येतो आणि तेच मागतो, पण देणारा हात आता नसतो. शोक तिथे असतो. आकाशात, पानगळीत शोधायला गेलात तर सापडणार नाही.

तुम्ही म्हणाल, पण जुन्या कोरियन कवितेत तर चार ऋतूंची वर्णनंच वर्णनं आहेत. आहेत. मेंग सा-संग या पंधराव्या शतकातल्या मंत्र्याची चार कडव्यांची ऋतुकविता आहे: वसंतात ओढ्याकाठी मद्य, उन्हाळ्यात झोपडीतला गार वारा, शरदात लहानशी होडी, हिवाळ्यात खोल बर्फ. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी, हेही राजाच्याच कृपेने. कविता देखणी आहे, पण मंत्र्याचं त्यात काही पणाला लागलेलं नाही. तुमच्या कवितांची वाट नकळत त्याच बाजूला गेली आहे; राजाच्या जागी नियती आली एवढंच.

युन सन-दोचं प्रकरण निराळं आहे आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. हा सतराव्या शतकातला दरबारी माणूस, राजकारणात वारंवार हद्दपार झालेला. १६३७ मध्ये राजाने मांचूंपुढे शरणागती पत्करली, ते कळल्यावर जगाकडे पाठ फिरवायची म्हणून तो निघाला जेजूलाच. वाटेत बोगिल नावाचं बेट लागलं, ते आवडलं आणि तिथेच राहिला. तिथे १६५१ मध्ये त्याने कोळ्याच्या चार ऋतूंवर चाळीस 'शिजो' लिहिल्या, प्रत्येक ऋतूला दहा. शिजो म्हणजे कोरियन कवितेचा तीन ओळींचा छंद, सगळा मिळून पंचेचाळीसच्या आसपास अक्षरांचा. तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला विचार वळण घेतो.

या चाळीस कवितांत धुकं आहे, चंद्र आहे, बर्फाने पांढरे झालेले डोंगर आहेत. पण त्यांची ठेवण बघा. प्रत्येक कवितेत दोन ध्रुवपदं येतात. एक वल्ह्याच्या आवाजाचं: जिगुकचोंग, जिगुकचोंग. दुसरं नावेवरच्या हुकुमाचं, आणि तो हुकूम जवळपास दर कवितेत बदलतो. होडी ढकला, नांगर उचला, शीड चढवा, वल्हवा. मग शीड उतरवा, होडी थांबवा, बांधा, नांगर टाका, काठाला लावा. दहा कवितांत एक अख्खी फेरी पुरी होते. ऋतू बदलला की तीच फेरी पुन्हा पहिल्यापासून, त्याच हुकुमांनी. म्हणजे हा उमराव, ज्याचं पोट मासळीवर अवलंबून नव्हतं, त्यालासुद्धा ऋतू बांधून ठेवायला कामाचा क्रम लागला. निसर्ग त्या क्रमाला लटकलेला आहे. हुकूम काढून टाका, चाळीस कविता विस्कटून जातील.

त्याच देशात एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांसाठी बारा महिन्यांच्या कामांचं पद्यही रचलं गेलं, कुठल्या महिन्यात काय पेरायचं, काय कापायचं. काव्य म्हणून ते मला रुक्ष वाटतं. पण परंपरा तीच.

मालिकेत हे कुठे दिसतं? आई जाण्याआधी एसुनला जे सांगते, तिथे. मरावंसं वाटेल असा दिवस आयुष्यात आला तर पडून राहू नकोस, हातपाय हलव. पांघरूण ओढून काढ आणि धू, शेत नांगर, कुणाकडे मजुरीला जा. हातपाय मारत राहिलीस तर काळा समुद्र संपतो आणि आभाळ दिसतं. हे सांगणारी बाई हेन्यो आहे, त्यामुळे 'काळा समुद्र' तिच्या तोंडी अलंकार म्हणून येत नाही. तिने तो रोज खालून पाहिलेला आहे. आणि तिने दिलेलं औषध कामांचं आहे: पांघरूण, शेत, मजुरी.

पुढे एसुन आणि ग्वान-शिक यांचा धाकटा मुलगा दोंग-म्यंग वादळात जातो. तो भाग उन्हाळ्याच्या खंडात आहे. कोरियात उन्हाळा म्हणजे पाऊस आणि वादळंसुद्धा, हे तुमच्या ग्रीष्माला कळलेलं नाही. घरावरच्या वाईट दिवसांतलं माझ्या लक्षात राहतं ते समुद्रकाठचं रडणं नाही. शेजारपाजार घर कसं धरून ठेवतो ते राहतं: घरमालक म्हातारा-म्हातारी त्यांच्या नकळत तांदळाचं भांडं भरत राहतात. शोक किती मोठा हे सांगण्याच्या फंदात मालिका पडत नाही. भात कोण शिजवतंय, तांदूळ संपला का नाही, एवढं दाखवते. तिथे कॅमेऱ्याने फुलं दाखवली असती तर मी मालिका बंद केली असती.

मालिकेत सगळंच असं नेटकं नाही, हेही बोलून टाकते. मुलगी गुम-म्यंग हिचं निवेदन गरजेपेक्षा जास्त बोलतं, आपण पाहिलेलं आपल्यालाच समजावून सांगतं. ग्वान-शिक इतका भला आहे की कधीकधी त्याने एखादा दिवस तरी चिडावं असं वाटतं. सोळा तासांच्या मालिकेला हे झेपतं. सोळा ओळींच्या कवितेला नाही. तुमच्या चारही कवितांत शेवटचं कडवं हे त्या निवेदनाचं काम करतं, आणि चारही काढून टाकता येतात.

एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. तरुण एसुन आणि तिची मुलगी, दोघींचं काम आययू या एकाच अभिनेत्रीने केलं आहे. आईचा वसंत आणि लेकीचा वसंत असे पाठोपाठ येतात, चेहरा तोच, पण लेकीच्या वाट्याला आईला न मिळालेलं काहीतरी आलेलं असतं आणि त्याची किंमत आईने कुठे चुकवली ते आपल्याला ठाऊक असतं. दरवर्षी ऋतू सारखाच येतो; घरात काय बदललं ते त्यामुळेच उठून दिसतं. तुमच्या चार कवितांत एकच वर्ष आहे. दोन वर्षं ठेवा, बाबा असतानाचा मे आणि यंदाचा मे. मग 'आठवण' हा शब्द लिहावाच लागणार नाही. सध्या तो सात वेळा आलाय.

हे सगळं परक्या मुलखाचं वाटत असेल तर आपल्या घरात बघा. इंदिरा संतांची पावसाला विनवणारी कविता तुम्ही शाळेत वाचली असेलच. घर चंद्रमौळी, पाऊस कौलांवर नाचतोय, आणि बाईचा प्रश्न काय, तर गळती धरायला एवढी भांडीकुंडी आणू कुठून. तांबे, सतेली, पातेली. एवढा संसार मोजून झाल्यावर कविता वळते: तू आठ कोस पुढे धाव आणि वाटेवरच्या माझ्या सख्याला मागे फिरव, मग हवा तेवढा कोसळ. पावसाला तिथे काम नेमून दिलंय. तो रडत नाही, बाईच्या निरोपावर जातो. तुमच्या घरावरही कौलंच आहेत.

बहिणाबाई चौधरींकडे ऋतूंच्या नावांपेक्षा कामांची नावं जास्त: पेरनी, कापनी, रगडनी, उपननी. तिशीत वैधव्य आलेली, लिहितावाचता न येणारी ही बाई शेतात आणि जात्यावर कविता रचत होती. १९५१ मध्ये ती गेली आणि १९५२ मध्ये कविता पुस्तकात आल्या. एसुनचं पुस्तकही असंच म्हातारपणी निघतं, फरक इतकाच की तिला ते हातात घ्यायला मिळतं. आणि ज्या बायकांचं पुस्तक निघालंच नाही त्यांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सुरू केलेल्या कामातून गोळा झाल्या आहेत. त्यातल्या आईबापावरच्या, मेलेल्या माणसांवरच्या ओव्या काढून वाचा. पीठ पडतंय तोवरच दुःख बोलायचं, दळण संपलं की उठायचं. ओवीची लांबीच मुळी त्या कामाने ठरवलेली.

आता तुमच्या कवितांचं.

तुमच्या चिठ्ठीत शेवटी जे वाक्य आलंय, बाबा असताना कौलं तेच चाळायचे, यंदा माणूस लावला, ते चारही कवितांत नाही. कविता तिथे आहे. वर्षा ऋतूची पाचवी कविता लिहा आणि ती आधी लिहा. मे महिन्याच्या शेवटी माणूस छपरावर चढलाय. त्याने मजुरी किती सांगितली? आकडा लिहा, एसुनचे शंभर ह्वान आठवा. बाबा स्वतः चढायचे तेव्हा शिडी कोण धरायचं? फुटक्या कौलाखाली त्यांनी पत्र्याचा तुकडा सरकवला असेल, डबा कापून लावला असेल. असल्या तात्पुरत्या डागडुज्या प्रत्येक घराच्या छपरात असतात आणि त्या माणसाला वर त्या दिसल्या असणार. त्याने त्या काढून टाकल्या की तशाच राहू दिल्या? तुम्हाला माहीत नसेल तर त्याला विचारा. कवीने मजुराला प्रश्न विचारू नयेत असा काही नियम नाही.

क्रम युन सन-दोसारखा कामाचा ठेवा: कौलं उतरवणं, पाला झाडणं, फुटकी निवडणं, नवी बसवणं, खाली येऊन हात धुणं, पैसे मोजून घेणं. जूनचा पहिला पाऊस शेवटी येऊ दे, आणि गळतंय की नाही एवढंच सांगा. पाऊस कसा होता ते सांगू नका. 'बाबा' हा शब्द एकदाच येऊ दे. कुठे, ते तुम्ही ठरवा; मला विचाराल तर शिडीच्या ओळीत. लांबी आवरत नसेल तर सरावाला तीन-तीन ओळींचे तुकडे करा: पहिल्या ओळीत काम, दुसरीत तेच पुढे, तिसरीच्या सुरुवातीला वळण. अक्षरं मोजत बसायची गरज नाही, मराठीला ते माप लागू पडत नाही.

शरदाच्या कवितेतलं दुसरं कडवं हात न लावता ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत आईने बाबांच्या विजेरीतले सेल काढून वेगळे ठेवले, हे तुम्ही लिहिलंय. ते वाचून मी थांबले. त्याच्या लगेच खाली 'अंधार दाटून आला' आहे, ते खोडा. विजेरीतले सेल काढल्यावर अंधार पडतो हे वाचकाला कळतं.

वसंतातली पिवळी फुलं काढा. ग्रीष्माचा अर्धा भाग पाचव्या कवितेत जाईल, उरलेला जाऊ द्या.

शिशिराचं मात्र सगळंच सोडून द्या. तुमच्या शिशिरात बर्फ आहे. तो मालिकेतून आलाय; रत्नागिरीच्या थंडीत तो शोधून सापडायचा नाही. तुमच्याकडे थंडीत आंब्याला मोहोर येतो, मळभ धरलं की बागायतदारांचा जीव टांगणीला लागतो, फवारणीचा खर्च अंगावर येतो. तुमची बाग असेल, चार कलमं जरी असतील, तरी यंदा ती कोण बघतं, मळभ आल्यावर रात्री उठून अंगणात कोण जातं, तिथून सुरू करा. बाग नसेल तर थंडीची कविता लिहायलाच हवी असं नाही. चार ऋतू पुरे करायची जबाबदारी नेटफ्लिक्सवर होती, तुमच्यावर नाही.

नवा मसुदा पाठवाल तेव्हा जुनाही सोबत जोडा. काय कापलंत ते मला आधी बघायचं असतं.